पाचवी नळी

नळी मुठीत धरून चालायचं, एवढंच माझं काम होतं. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा.

ऑपरेशन थिएटर एका इमारतीत, लॅब दुसऱ्या इमारतीत, आणि दोन्हींच्या मधे जमिनीखालून जाणारा लांबलचक बोळ. बोळाच्या छताला सगळ्या हॉस्पिटलचे पाइप. पाण्याचे, वाफेचे, सांडपाण्याचे. खिडकी एक नाही. भर दुपारी बारा वाजतासुद्धा ट्यूबलाइटच, आणि त्यातली एक कायम फडफडणारी. मधोमध एक वळण. तिथं पोचलं की मागचं दार दिसत नाही आणि पुढचंही दिसत नाही. अठरा वर्षं मी दिवसातून दहा-वीस वेळा तिथून गेले. कधी भीती वाटली नाही. मी चौथी पास बाई. भुताला घाबरायला सवड लागते, ती मला कुणी दिलीच नाही.

पोटातून खाली पायांकडे जाणारी जी मुख्य रक्तवाहिनी असते, अंगठ्याएवढी जाड, ती काही माणसांची फुग्यासारखी फुगते. फुटली तर माणूस गेला. म्हणून पोट उघडायचं, फुग्याच्या वर चिमटा लावून रक्त अडवायचं, खराब भागात कापडाची नळी शिवायची आणि चिमटा सोडायचा. चिमटा लावण्याआधी रक्त पातळ करायचं औषध देतात, नाहीतर अडलेलं रक्त जागच्या जागी गोठेल. काम झालं की त्या औषधावर उतारा देतात, नाहीतर टाक्यांतून झिरपत राहील. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. बादल्या उचलता उचलता ऐकलेलं आहे.

हे ऑपरेशन करायचे मोठे डॉक्टर. त्या वर्षी ते अशा रोग्यांच्या रक्ताचा अभ्यास करत होते. प्रत्येकाचं पाच वेळा रक्त. पहिलं चिरा देण्याआधी, दुसरं चिमटा लावल्यावर, तिसरं चिमटा सोडून उतारा दिल्यावर, चौथं पोट शिवताना, आणि पाचवं दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, रोगी पलंगावर असताना. दर वेळी दोन नळ्या. एक बर्फाच्या डब्यात, त्यात आतड्यातल्या जंतूंचं विष किती उतरलंय ते बघायचं. दुसरी साध्या काचेची, माझ्या मुठीत, त्यात रक्त गोठतं का ते बघायचं. मुठीत अशासाठी की नळीला अंगाची ऊब हवी. गार हातात चांगलं रक्तही गोठायला वेळ लावतं आणि उगाच घोटाळा होतो. चालता चालता अर्ध्या अर्ध्या मिनिटाला नळी कलती करायची. आतलं वाहिलं तर गोठलं नाही. जागचं हललं नाही तर गोठलं. चांगलं रक्त लॅबच्या दाराशी पोचेपर्यंत गोठतंच, इतका तो बोळ लांब. दाराशी भिंतीवर फोन. तो उचलून वर थिएटरात सांगायचं, "गोठलं," नाहीतर, "नाही गोठलं." मशीन होतं, पण त्याचा कागद हातात यायला अर्धा तास. मोठे डॉक्टर म्हणायचे, "मशीनच्या आधी मावशीची मूठ सांगते."

माझे हात जन्मापासून गरम. धाकट्यानं मला नावच ठेवलं होतं, शेगडी.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. आई कामाला जायची आणि त्याला माझ्याकडे टाकून जायची. मी आठ वर्षांची, तो माझ्या कमरेएवढा. थंडीत त्याची बोटं बर्फ व्हायची. ती चार बोटं माझ्या मुठीत खुपसायचा आणि म्हणायचा, "ताई, शेकू दे ना." किती वेळा? रोज. मी त्याला न्हाऊ घातलं, मारलं, अंक शिकवले. सात मात्र मेल्यानं कधी सुलटा काढला नाही. शेपूट भलतीकडे. पट्टीनं बोटं लाल केली, तरी उलटाच.

मोठा होऊन तो प्लंबर झाला. भिंत जिथं फोडायची तिथं कानावरची चपटी पेन्सिल काढून फुली मारायचा आणि शेजारी आकडा घालायचा. त्यात सात आला की माझ्याकडे बघून दात काढायचा. एकदा आमच्या लॅबचा नळ दुरुस्त करायला आला आणि सगळ्यांदेखत ओरडला, "शेगडे, जरा पाना दे!" तेव्हापासून लॅबवाल्या बाईसुद्धा मला शेगडीबाई म्हणायला लागल्या.

एके दिवशी तो माझ्या घरी आडवा पडला होता. म्हणाला, "ताई, पोटात काहीतरी ठोके देतंय बघ. शर्ट हलतो."

मी हात ठेवला. पोटात दुसरं काळीज असावं तसं ते माझ्या तळव्याखाली उसळत होतं. मी त्याला दुसऱ्याच दिवशी कॉलर धरून मोठ्या डॉक्टरांपुढं उभा केला.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. धाकटा चित्राकडे बघत राहिला, मग म्हणाला, "म्हणजे मेन लाइन बंद करून मधला तुकडा बदलायचा. रोजचंच काम आहे आमचं. फक्त एक सांगतो डॉक्टर, उघडताना हळू उघडा. बंद लाइन एकदम सोडली की साचलेला गाळ सगळीकडे जातो. पुढचे नळ चोंदतात."

मी त्याला कोपरानं ढोसलं. "गप रे. त्यांना शिकवतोस?"

डॉक्टर मात्र हसले नाहीत. म्हणाले, "अगदी हेच आहे. रक्त अडलं की आतड्याची भिंत कमजोर पडते. आतड्यातल्या जंतूंचं विष रक्तात उतरतं. चिमटा सोडला की पायातला साचलेला गाळही त्यात मिळतो. मग रक्त बिघडतं. आधी नको तिथं गोठतं, नंतर हवं तिथं गोठत नाही. मी शोधतोय ते हेच."

"मग झालं," धाकटा म्हणाला. "ताई मुठीत धरून बसेल. तिच्या मुठीत न गोठायची रक्ताची काय टाप आहे?"

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टर मला म्हणाले, "मावशी, आज तुम्ही सुट्टी घ्या. घरचं माणूस आहे."

मी म्हटलं, "घरचं आहे म्हणूनच. माझ्या भावाचं रक्त दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही."

त्यांनी माझं ऐकलं. ऐकायला नको होतं.

सकाळी मी साध्या काचेच्या पाचही नळ्यांच्या चिठ्ठ्या स्वतः लिहिल्या. त्याचा पलंग नंबर, नळीचा नंबर, आणि वेळेची जागा मोकळी. नळ्या छोट्या लाकडी स्टँडला लावून स्टँड ॲप्रनच्या खिशात टाकला. भावजय बाहेर बाकावर बसली होती. माझा पदर धरून म्हणाली, "ताई, तुम्ही आत आहात म्हणून मला धीर आहे." मी म्हटलं, "रडायचं नाही. संध्याकाळी शुद्धीवर आला की तूच त्याला शिव्या घाल."

पहिली नळी लॅबच्या दाराशी गोठली. फोनवर "गोठलं" सांगताना माझा आवाज असा काही चढला की लॅबवाल्या बाई हसल्या. दुसरी गोठली नाही, पण ती गोठायचीच नव्हती, पातळ करायचं औषध दिलेलं होतं.

तिसरी नळी मिळाली तेव्हा दुपारचे पावणेदोन झाले होते. थिएटरच्या दारातून भूलवाल्या डॉक्टरीणबाईंनी ती माझ्या हातात दिली. "मावशी, चिमटा सोडलाय, उतारा दिलाय. लवकर सांगा... जरा जास्तच ओलं वाटतंय आत."

मी डाव्या हातात बर्फाचा डबा घेतला, उजव्या मुठीत नळी, आणि निघाले.

बोळात कुणी नव्हतं. माझ्याच चपला वाजत होत्या. नळी कलती केली. वाहिलं. ठीक आहे, अजून वेळ आहे. पुन्हा कलती केली. वाहिलं. ओल्या गंजाचा वास यायला लागला. पाइपांचा असेल. त्याच्या कपड्यांनाही तोच वास यायचा, कितीही धुतले तरी. आणि रक्ताचाही तोच असतो, हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं.

वळणावर पोचले आणि डोक्यावरचा पाइप वाजला. ठण्!

धाकट्यानं मला शिकवलं होतं, पाइप असा वाजला की समजायचं, कुणीतरी कुठंतरी वाहती लाइन एकदम बंद केली.

मी थांबले नाही. नळी कलती केली... आणि माझ्या मुठीत कुणीतरी बोटं खुपसली.

चार बोटं. लहान. खालून, माझ्या कमरेच्या उंचीवरून आलेली. नळी आणि माझा तळवा यांच्या मधे ती सरपटत शिरली... आणि इतकी गार, इतकी गार, की माझ्या दंडापर्यंत कळ गेली.

"ताई..."

मी खाली बघितलं नाही.

"ताई, शेकू दे ना..."

तुम्ही म्हणाल, भास झाला. म्हणा. मला काय करायचंय? मला त्या क्षणी भीती वाटली नाही, आश्चर्यही वाटलं नाही. मला राग आला. आयुष्यभर कामाच्या वेळी तो असाच मधे मधे करायचा, आणि मी जे आयुष्यभर म्हणत आले तेच तोंडातून गेलं.

"थांब रे. काम आहे."

आणि मी हात झटकला.

बोटं गेली. मागं काही वाजलं नाही, कुणी रडलं नाही. फडफडणारी ट्यूब तेवढी फडफडत होती. मी चालत लॅबच्या दाराशी आले, नळी कलती केली. पाण्यासारखं वाहिलं.

आता ऐका. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. भावजयीला नाही, डॉक्टरांना नाही.

मी फोनला हात घातला आणि माझ्या लक्षात आलं, माझी मूठ गार पडली होती. जन्मात कधी नाही ती. बोटं निळी. मला वाटलं, रक्त चांगलं आहे, माझाच हात गार पडलाय, म्हणून गोठत नाही. आता "नाही गोठलं" सांगितलं तर वर सगळी धावपळ करतील, त्याला नको ती औषधं टोचतील, माझ्या हाताच्या चुकीपायी. मी फोन उचलला नाही. लॅबच्या बेसिनशी गेले, गरम पाण्याचा नळ सोडला, हात भाजेपर्यंत धरला. मग नळी पुन्हा मुठीत घेतली आणि पहिल्यापासून मोजायला लागले.

लॅबवाल्या बाईंनी विचारलं, "शेगडीबाई, काय झालं?"

"काही नाही. मोजतेय."

दोन मिनिटं. वाहिलं. पाच. वाहिलं. मी त्याला शिव्या घालत होते. गोठ रे मेल्या, गोठ. माझ्या मुठीत न गोठायची काय टाप आहे म्हणालास ना? सात. आठ. गरम पाण्याची ऊब केव्हाच उतरली होती. दहा...

फोन आपणहून वाजला.

"मावशी!" डॉक्टरीणबाईंचा आवाज ओळखू येत नव्हता. "कुठं आहात? टाक्यांतून, सुईच्या भोकांतून, सगळीकडून झिरपतंय... काय झालं नळीचं?"

"नाही गोठलं," मी म्हटलं.

वर रक्ताच्या पिशव्यांवर पिशव्या लावल्या. चढवलेलं सगळं खाली यायचं. मोठे डॉक्टर दीड तास नुसते हातानं दाबून उभे होते. सव्वाचारला त्यांनी हात काढला. चौथी नळी भरायची वेळच आली नाही.

लॅबवाल्या बाईंनी नंतर मला सांगितलं, तिसऱ्या बर्फाच्या नळीत विष मावत नव्हतं. त्या विषानं रक्तातलं गोठायचं सगळं सामान आतल्या आत वापरून टाकलं होतं. बारीक बारीक गुठळ्या अंगभर, आणि जिथं हवी तिथं एक नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पाच-दहा मिनिटांनी काही फरक पडला नसता."

"तुम्ही मोजलंय?" मी विचारलं.



बाहेर बाकावरून भावजय उठली. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि दचकून सोडले. "ताई, किती गार पडलात हो..." नवरा गेला तिचा, आणि तिनं स्वतःची शाल काढून माझ्या हातांना गुंडाळली. त्या शालीत मला जळून जावंसं वाटलं.

संध्याकाळी त्याचं सगळं आटोपलं. घरी मला बसवेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कामावर गेले. लोक म्हणाले, काय दगड बाई आहे. असू दे. नळ्यांचा लाकडी स्टँड माझ्या ॲप्रनच्या खिशात राहिला होता, तो लॅबमधे जमा करायचा होता.

बोळात शिरले. वळणावर पाइप वाजला नाही. काहीच वाजलं नाही. फक्त मांडीला ऊब लागली, कुणी लहान मूल बिलगून उभं राहिलं की लागते तशी. खिशाच्या बाजूनं.

मी स्टँड बाहेर काढला. चौथी नळी रिकामी होती, तशीच बूच लावलेली. पाचवी भरलेली होती.

लालभडक. ताजी. माझ्या बर्फ झालेल्या बोटांना चटका बसावा इतकी गरम.

चिठ्ठीवरचा पलंग नंबर माझ्या अक्षरातला. नळीचा नंबर माझ्या अक्षरातला. वेळेची जागा मी मोकळी ठेवली होती. तिथं चपट्या पेन्सिलीनं सात काढलेला होता. उलटा. शेपूट भलतीकडे.

भिंतीवरच्या घड्याळात सातच वाजले होते.

मी नळी मुठीत धरली. दुसरं काय करणार होते? मूठ मिटली, चालायला लागले आणि अर्ध्या अर्ध्या मिनिटाला कलती करत गेले. वाहिलं. वाहिलं. जरा जड वाहिलं. लॅबच्या दाराशी आले आणि कलती केली... हललं नाही. घट्ट. बरोब्बर दाराशी. मी भिंतीवरचा फोन उचलला. वर कुणाला लावणार? तरी कानाला धरला आणि म्हटलं, "गोठलं."

लॅबवाल्या बाईंनी ती नळी माझ्या हातातून घेतली. चिठ्ठी न वाचता तपासायला लावली, सकाळची घाई होती. तासाभरानं बाहेर आल्या.

"शेगडीबाई, कुणाची हो ही? छान आहे. विषाचा मागमूस नाही, गोठणंही एकदम चोख." आणि हसून म्हणाल्या, "असं रक्त ज्याचं आहे, तो माणूस वाचला म्हणून समजा."

मग त्यांनी चिठ्ठी वाचली. नळी टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसल्या. पुन्हा त्या मला कधी शेगडीबाई म्हणाल्या नाहीत.

याला दोन वर्षं झाली. माझे हात त्या दिवसापासून गारच आहेत. नळ्या आता दुसरी बाई नेते. मी फायली नेते, पत्रं नेते. पण नेते डाव्या हातात. बोळातून जाताना उजवा हात मी मोकळा ठेवते, खाली सोडलेला, मूठ अर्धी उघडी. वळणावर चाल हळू करते. एकदा तर उभीच राहिले आणि हळूच म्हटलं, "काम नाही रे मला आता. ये." पलीकडून वॉर्डबॉय आला, माझ्याकडे बघून भिंतीला घासत निघून गेला.

तो काही आला नाही. दोन वर्षांत एकदाही नाही. झटकलेला हात पुन्हा कोण धरतं?

हे सगळं आत्ता लिहायचं कारण सांगते.

काल सकाळी घरी ओट्याखालचा डबा काढायला मी वाकले. ओट्याशेजारच्या भिंतीवर, माझ्या कमरेच्या उंचीवर, पेन्सिलीची फुली आहे. चपटी, जाड रेघ. शेजारी सात. उलटा. त्या भिंतीत पाइप नाही, कधी नव्हता. घर रंगवून चार महिने झाले आणि माझ्याशिवाय इथं कुणी येत नाही. फडकं ओलं केलं होतं, पण पुसवेना. त्याच्या हातचं आहे, कशी पुसू? फुलीवर तळवा ठेवून बघितला. भिंत इतकी गार की दंडापर्यंत कळ गेली.

जिथं उघडायचं तिथं तो फुली मारायचा, हे मी वर लिहिलंच आहे.

काल दिवसभर लिहिलं, आज पहाटे उठून पुन्हा लिहायला बसले. घरात सगळे नळ बंद आहेत. मघाशी पाइप वाजला. एकदाच. ओल्या गंजाचा वास येतोय... वाढतोय.

सातला दोन मिनिटं कमी आहेत. पेन खाली ठेवते. उजवा हात मोकळा हवा.